मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षातून नेव्हल आर्किटेक्चरकडे कसे वळावे

देवगड तालुक्यातील एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तो कोकणातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला शिकत आहे आणि पहिल्या सत्रात त्याला दहापैकी ८.१ श्रेणीगुण मिळाले आहेत. वडिलांची मासेमारीची नौका आहे आणि आजोबा होड्या बांधत असत. दुसऱ्या वर्षापासून नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजांच्या रचनेचे शास्त्र, शिकण्यासाठी आयआयटीत किंवा परदेशातील नावाजलेल्या विद्यापीठात बदलून जाता येईल का, एवढे गुण पुरतील का, आणि अर्जासोबतच्या निबंधात वडिलांचा व्यवसाय लिहावा की टाळावा, असे त्याने विचारले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात मी वीसहून अधिक वर्षे अभियांत्रिकी यामिकी (मेकॅनिक्स) शिकवली आणि त्या काळात विद्याशाखा किंवा विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या बऱ्याच मुलांचे अर्ज माझ्या टेबलावरून गेले. काही साधले, बरेच फसले. त्या अनुभवावरून लिहितो आहे, आणि तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटत असल्यामुळे त्यावर अधिक लिहिणार आहे.

आधी आयआयटीचे स्पष्ट सांगतो, म्हणजे त्या आशेवर वर्ष जाणार नाही. खरगपूरच्या आयआयटीत ओशन इंजिनिअरिंग आणि नेव्हल आर्किटेक्चरचा स्वतंत्र विभाग आहे आणि मद्रासच्या आयआयटीतही हा विषय बी.टेक.ला आहे. मात्र बाहेरच्या महाविद्यालयातून थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश देण्याची सोय आयआयटीत नाही, बी.टेक.ची वाट जेईई ॲडव्हान्स्डमधूनच जाते. ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदा देता येते, आणि बारावीची परीक्षा पहिल्यांदा दिल्याचे वर्ष व त्यापुढचे वर्ष एवढीच तिची मुदत असते. तुम्ही गेल्याच वर्षी बारावी झाला असाल, तर तुमच्या हातात कदाचित एक संधी शिल्लक असेल. ती घेतली तरी सुरुवात पहिल्या वर्षापासून करावी लागेल, हे गृहीत धरा. कोचीच्या कुसाट विद्यापीठात नेव्हल आर्किटेक्चर आणि शिप बिल्डिंगचा बी.टेक. आहे आणि त्याची प्रवेश परीक्षा ते विद्यापीठ स्वतः घेते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मेरीटाईम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम परिसरातही हा विषय शिकवला जातो. तिथे आयएमयू-सीईटी द्यावी लागते. या दोन्ही जागा उत्तम आहेत आणि खर्चाच्या दृष्टीने आपल्याकडच्या कुटुंबाला झेपणाऱ्या आहेत. नव्याने पहिले वर्ष करण्याची तयारी असेल, तर माझ्या मते तुम्ही आधी त्यांचाच विचार करावा. एक वर्ष गेले म्हणून घरात हळहळ होईल, परंतु चाळीस वर्षांच्या कामाच्या आयुष्यात त्या एका वर्षाला फारसे वजन नाही.

अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे आता श्रेयांक, म्हणजे उत्तीर्ण विषयांपोटी मिळणारी क्रेडिट्स, कुठेही नेता येतात, असा समज मुलांमध्ये पसरला आहे, म्हणून तेही सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये त्याचे नियम केले आणि तुमचे श्रेयांक त्या खात्यात जमा होतात, हे खरे. परंतु जमा झालेले श्रेयांक स्वीकारायचे की नाही आणि कोणत्या विषयापोटी स्वीकारायचे, हे पुढचे विद्यापीठ ठरवते. खात्यात श्रेयांक आहेत एवढ्यावरून प्रवेशाचा हक्क तयार होत नाही.

आता परदेशाचे. मध्येच बदलून येणाऱ्या विद्यार्थ्याला घेण्याची रीतसर पद्धत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आहे. अमेरिकेत ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात हा विषय १८८१ पासून शिकवला जातो, आणि जहाजांच्या प्रतिकृती ओढून त्यांना होणारा पाण्याचा विरोध मोजण्यासाठी तिथे सुमारे ११० मीटर लांबीचा जुना हौद आहे. न्यूयॉर्कजवळची वेब इन्स्टिट्यूट याच एका विषयाला वाहिलेली आहे, पण तिथली शुल्कमाफी अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाचा शिप सायन्सचा अभ्यासक्रम आणि ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा नेव्हल आर्किटेक्चरचा विभाग नावाजलेला आहे. ब्रिटनसाठी यूकास या सामाईक प्रवेश संस्थेच्या एकाच अर्जात कोणत्या वर्षात प्रवेश हवा, ते लिहिण्याची जागा असते. स्कॉटलंडमध्ये ऑनर्सची पदवी चार वर्षांची आणि इंग्लंडमध्ये अभियांत्रिकीची बी.ईएनजी. पदवी तीन वर्षांची असते, त्यामुळे 'दुसरे वर्ष' या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही, हे अर्ज भरताना लक्षात ठेवा.

यापुढे जे लिहितो आहे ते कृपया दोनदा वाचा, कारण आपल्याकडच्या हुशार मुलांचे घोडे इथेच अडते. बारावीनंतर पहिल्या वर्षाचा अर्ज वाचताना विद्यापीठ मुलाची गुणवत्ता बघते. मध्येच येणाऱ्याचा अर्ज वाचताना त्याच्या जोडीला आणखी एक हिशेब मांडला जातो: आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात हा मुलगा सप्टेंबरमध्ये येऊन बसला, तर त्याला समोरचे कळेल का, आणि जे शिकवायचे राहिले आहे ते उरलेल्या काळात बसेल का? तुम्ही कितीही हुशार असलात, तरी या प्रश्नाचे उत्तर कागदावर दिसत नसेल, तर अर्ज बाजूला पडतो. हे उत्तर निबंधात शोधले जात नाही. ते तुमच्या अभ्यासक्रमाच्या पानांवर असते.

म्हणून पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विषयाचा विद्यापीठाने मंजूर केलेला सविस्तर अभ्यासक्रम मिळवा, मग तुमचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाला संलग्न असो किंवा लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला. त्यात विषयाचे नाव, व्याख्यानांचे तास, प्रात्यक्षिकांचे तास, प्रत्येक घटकातील मुद्दे आणि संदर्भपुस्तके हवीत. मग ज्या विद्यापीठात जायचे आहे तिथल्या पहिल्या वर्षाचे विषय त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि एका मोठ्या कागदावर दोन्ही शेजारी शेजारी मांडा. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि संगणक प्रोग्रॅमिंग बहुधा जुळतील. अभियांत्रिकी यामिकीत स्थितिकी (स्टॅटिक्स) पुरती जुळते, गतिकी (डायनॅमिक्स) मात्र काही ठिकाणी अपुरी पडते, कारण आपल्याकडे दोन्ही मिळून एकच विषय असतो आणि तिकडे ते बरेचदा वेगळे असतात. अभियांत्रिकी चित्रकला आपण सहा-आठ महिने घासतो, तरी तिचे श्रेयांक तिकडे कधी मिळतात, कधी नाहीत. कार्यशाळेतल्या फिटिंग आणि सुतारकामाचे तर बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही. या कागदावर जिथे रिकामी जागा दिसेल, ती भरण्याचा मार्ग तुम्ही स्वतःच अर्जात सुचवायचा असतो. उदाहरणार्थ, गतिकीचा भाग दुसऱ्या वर्षाच्या कोणत्या विषयात होणार आहे, ते लिहा आणि त्याचा अभ्यासक्रमही जोडा.

दापोलीकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याकडे एका परदेशी विद्यापीठाने पत्र पाठवून विचारले होते की, तुमच्या यामिकीत घर्षण आणि जडत्वाचे परिबल (मोमेंट ऑफ इनर्शिया) हे शिकवले आहे का. त्याने अभ्यासक्रमाचे एक पान, स्वतःच्या वहीतील सोडवलेल्या उदाहरणांची चार पाने आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत पाठवली. वही माझ्याच तासाची होती आणि तिच्या समासात माझी लाल शाईची सही होती. तीन आठवड्यांनी त्या विषयाचे श्रेयांक मान्य झाल्याचे कळले. वह्या रद्दीत देऊ नका, असे तेव्हापासून मी प्रत्येक वर्गात सांगत आलो.

गुणांविषयी. पहिल्या सत्रातले ८.१ चांगले आहेत, पण एका सत्रावर अर्ज करू नये, असे माझे ठाम मत आहे. महाविद्यालयातील श्रेयांक थोडे असतील, तर अमेरिकी विद्यापीठे बारावीच्या गुणांकडे अधिक बघतात. वर्ष पूर्ण झालेले असेल, तर महाविद्यालयातील कामगिरीला वजन येते. शिवाय अमेरिकेतील ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशासाठी बदलीचे अर्ज साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान द्यावे लागतात आणि त्या वेळी तुमचे दुसरे सत्र अर्धवट असेल. यंदा पहिले वर्ष नीट पूर्ण करा आणि दुसऱ्या वर्षात शिकत असताना अर्ज करा. त्यामुळे एखादे सत्र जास्त लागू शकते, पण अर्ज भक्कम होतो. अर्ज तपासणाऱ्यांनी गणित आणि यामिकी या दोन विषयांकडे आधी बघितल्याचे मी अनुभवले आहे, तेव्हा सरासरीच्या मागे लागून या दोहोंत कमी पडू नका.

श्रेणीच्या बाबतीत एक सापळा आहे. मुंबई विद्यापीठाच्या काही अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत ६० ते ७० टक्क्यांच्या दरम्यानच्या गुणांना 'सी' श्रेणी दिलेली आढळते. आपल्याकडे तो प्रथम वर्ग झाला, पण अमेरिकेत 'सी' म्हणजे जेमतेम, आणि बहुतेक विद्यापीठे 'सी'च्या खालच्या श्रेणीचे श्रेयांक घेतच नाहीत. गुणपत्रिकेवर किंवा ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सर्व सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकावर, श्रेणींचा तक्ता छापलेला असतो. ती बाजू स्कॅन करायची राहिली, तर वाचणारा आपल्या 'सी'ला त्यांचा 'सी' समजतो. तुम्हाला प्रत्येक विषयातील मूळ गुण दाखवणारी ट्रान्सक्रिप्ट मिळत असेल, तर तीच घ्या. काही विद्यापीठे परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच कामाला लागावे. ही सगळी धावपळ फक्त प्रवेशासाठी असते, हेही जाणून असा: तिकडे श्रेयांक मान्य झाले, तरी आपले श्रेणीगुण त्यांच्या सरासरीत धरले जात नाहीत, तिथे पाटी कोरी असते.

इंग्रजीच्या परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात. एखादे विद्यापीठ सॅट ही अमेरिकेतील प्रवेश चाचणी मागते का, तेवढे पाहून घ्या.

आता वडिलांच्या व्यवसायाविषयी. तो जरूर लिहा. 'टाळावा का' असा प्रश्न तुम्हाला पडावा, याचे मला वाईट वाटले, कारण या विषयासाठी अर्ज करणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी लहानपणापासून नौकेवर रात्र काढलेली असेल? मात्र तो कसा लिहायचा, यावर सगळे अवलंबून आहे. आमच्या भागातून जाणाऱ्या निबंधांची सुरुवात हमखास छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराने, कान्होजी आंग्र्यांनी किंवा विजयदुर्गाने होते. तो आपला अभिमानाचा वारसा आहे आणि तुमच्या मनात तो असणारच, पण त्या परिच्छेदातून वाचणाऱ्याला तुमच्याविषयी काहीच कळत नाही. दुसरा प्रकार हलाखीच्या वर्णनाचा. तेही खरे असले, तरी तुम्हाला हायड्रोस्टॅटिक्स, म्हणजे स्थिर पाण्याच्या दाबाचे आणि तरंगण्याचे शास्त्र, झेपेल की नाही, हे त्यातून समजत नाही.

मालवणकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याने काय केले होते, ते सांगतो. यामिकी शिकत असताना त्याने पुस्तकात तरंगत्या वस्तूच्या स्थैर्याचा भाग वाचला आणि मला येऊन विचारले की, आमच्या होडीला उलांडी, म्हणजे बाजूला जोडलेला तरंगता ओंडका, लावतात ती याचसाठी ना? मी म्हटले, होय, पण किती फरक पडतो ते मोजून दाखव. वडिलांच्या छोट्या यांत्रिक नौकेवर त्याने एक प्रयोग केला. भांगाच्या दिवसांत, सकाळी वारा पडलेला आणि भरती टिपेला पोचून पाणी थबकलेले असताना त्याने नौका धक्क्यापासून जराशी सुटी ठेवली. हौद्यात आडव्या तुळईला सुताराचा ओळंबा टांगला, खाली फळीवर मोजपट्टी खिळली आणि ओळंबा डुलत राहू नये म्हणून त्याचे टोक पाण्याच्या बादलीत सोडले. मग वाळूच्या वजन केलेल्या गोण्या मध्यभागापासून एका कडेला नेल्या आणि ओळंब्याची दोरी मोजपट्टीवर किती सरकते ते टिपले. पुन्हा मध्यभागी, पुन्हा दुसऱ्या कडेला, असे सहा वेळा. वजन आणि ते किती सरकवले हे ठाऊक होते, नौकेचे एकूण वजन त्याने पाण्यात बुडालेल्या भागाची मापे घेऊन काढले होते. यावरून गुरुत्वमध्याच्या वर मेटासेंटर (नौका थोडी कलल्यावर पाण्याच्या उचलीची रेषा तिच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू) किती उंचीवर आहे, हे निघते. जहाज बांधून झाल्यावर गोदीत हीच चाचणी घेतात आणि तिला इन्क्लायनिंग टेस्ट म्हणतात, हे त्याला तेव्हा माहीतही नव्हते.

त्याचे उत्तर चुकले. डाव्या आणि उजव्या कडेची मापे एकमेकांशी जुळेनात. दोन दिवसांनी त्याच्या लक्षात आले की, डिझेलची टाकी अर्धी भरलेली होती आणि तळाशी साचलेले पाणी उपसलेले नव्हते. नौका कलली की हे सगळे द्रव त्याच कडेला धावत आणि ओळंबा हवा त्याहून जास्त सरके. त्याने टाकी काठोकाठ भरून घेतली, तळ कोरडा केला आणि प्रयोग पुन्हा केला. निबंधात त्याने एवढेच लिहिले: पहिली मापे, ती का चुकली, दुसरी मापे, आणि नौकेचा आकार पुरता मांडता न आल्यामुळे वजनाच्या अंदाजात राहिलेली शंका. शेवटी तीन ओळींत त्याने असे लिहिले होते की, ही शंका फिटण्यासाठी जे शिकावे लागेल, ते माझ्या सध्याच्या महाविद्यालयात शिकवले जात नाही आणि तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या अमुक विषयात शिकवले जाते. 'विद्यापीठ का बदलता' या प्रश्नाला याहून प्रामाणिक उत्तर मी वाचलेले नाही. सध्याच्या महाविद्यालयाविषयी एकही वाकडा शब्द त्यात नव्हता, हेही ध्यानात घ्या. तक्रारीचा सूर असलेला अर्ज वाचणाऱ्याला असे वाटते की, हा आमच्याकडे येऊनही तक्रारच करील.

तुम्ही हाच प्रयोग उचलावा, असे मला म्हणायचे नाही. तसे केलेत तर ते तुमचे राहणार नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीचा काळ असतो आणि नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पाण्याखालचा सगळा आकार हाताने चाचपता आणि मोजता येईल, असे तेवढेच दोन महिने. पहिल्या वर्षाच्या परीक्षा आटोपल्यावर वडिलांच्या नौकेची दर अर्ध्या मीटरवर रुंदीची मापे घेऊन तिचा आराखडा कागदावर उतरवा. आजोबा ती मापे कशी धरत, कोणती नजरेने आणि कोणती दोरीने, हे घरात कुणाला आठवत असेल तर विचारून लिहून घ्या. त्यातून तुमचा स्वतःचा प्रश्न निघेल. यूकासने २०२६च्या प्रवेशापासून निबंधाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत: हा विषय का, शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही कोणती तयारी केली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या अंगणात उभे आहे.

शिफारसपत्रांत माझ्या हातून एकदा चूक झाली, ती सांगतो. एका मुलाच्या अर्जाला वजन यावे म्हणून मी एका मोठ्या पदावरील व्यक्तीचे पत्र मिळवून दिले. त्यांनी मुलाला कधी शिकवले नव्हते, त्यामुळे पत्रात विशेषणे भरपूर आणि मुलगा कुठेच नाही, असे झाले. अर्ज नाकारला गेला. कारण कळवले जात नाही, पण ते पत्र आज वाचले तरी मला ओशाळल्यासारखे होते. ज्यांनी वर्गात तुमच्या शंका ऐकल्या आहेत अशा गणिताच्या आणि यामिकीच्या प्राध्यापकांकडेच जा, मग ते कंत्राटी का असेनात. त्यांना महिनाभर आधी सांगा आणि तुमची वही व मापांचे कागद दाखवा.

पैशांचे वडिलांसोबत बसून आजच बोला. मिशिगनसारख्या सार्वजनिक विद्यापीठात बाहेरच्या देशातील पदवी विद्यार्थ्याला फारशी आर्थिक मदत मिळत नाही, आणि शिकणे-राहणे मिळून वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्याही वर जातो. ब्रिटनमध्ये तो त्याहून बराच कमी, तरी लाखांतच. व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद कागदोपत्री दाखवावी लागते. आंब्याची बाग तारण ठेवू, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते, पण शैक्षणिक कर्जासाठी बँका शेतजमिनीऐवजी बिनशेती मालमत्ता मागतात. त्यातून कोकणातला सातबारा सामाईक असतो, त्यावर मुंबईतल्या चुलत भावंडांची आठ-दहा नावे असतात आणि सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत प्रवेशाची मुदत टळते. गावातल्या घराची नोंद कोणाच्या नावावर आहे, हे अर्ज करण्याच्या आधी पाहावे. प्रवेश पदरात पडून केवळ यासाठी सोडावा लागलेली दोन मुले मी पाहिली आहेत.

हे सारे जुळले नाही, तर वाट बंद होत नाही. मेकॅनिकलची पदवी चांगल्या गुणांनी पूर्ण करा. २०२२ पासून गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत नेव्हल आर्किटेक्चर आणि मरीन इंजिनिअरिंग असा स्वतंत्र पेपर आहे. मेकॅनिकलचा पदवीधर गेट देऊन खरगपूर किंवा मद्रासला याच विषयात एम.टेक. करू शकतो आणि तेव्हा विद्यावेतनही मिळते. तुमच्या परिस्थितीत मला हा मार्ग दुय्यम वाटत नाही. परदेशाच्या अर्जाच्या नादात तिसऱ्या सत्रात विषय राहिला, तर हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखे होईल, आणि दोन्ही मार्ग एकदमच अवघड होतील. म्हणून प्रवेशाचे पत्र, पैशांची सोय आणि व्हिसा या तिन्ही गोष्टी हातात येईपर्यंत इथला प्रवेश रद्द करू नका आणि मूळ कागदपत्रे काढून घेऊ नका.

सध्या एकच काम करा. दुसरे सत्र सुरू आहे तोवर महाविद्यालयाच्या कार्यालयातून पहिल्या वर्षाच्या सर्व विषयांचा अभ्यासक्रम प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह घ्या, दोन प्रती घ्या, आणि एक गणिताच्या सरांकडे नेऊन त्यांना शेजारी बसवून त्या मोठ्या कागदावरचा पहिला रकाना भरा.